दूधगाडीचा पंप

चढाच्या मध्यावर रस्ता डावीकडे वळतो आणि गाडीला सगळ्यात जास्त जोर लागतो. नेमकी तिथंच ती बंद पडायची. आधी खोकल्यासारखं एकदा करायची, मग आवाज खाली बसायचा, मग काहीच नाही. गाडीवाली हँडब्रेक ओढायची, उतरून मागच्या चाकाला दगड लावायची आणि वीस कॅनांकडे बघत उन्हात उभी राहायची. दहा मिनिटांनी चावी फिरवली की गाडी पहिल्या फटक्यात चालू. रुसून बसलेलं माणूस जेवायच्या वेळी आपणहून उठून येतं, तशी.

दहा मिनिटं म्हणजे काही फार नाही असं ज्याला वाटतं, त्यानं कडक उन्हाळ्यात दूध वाहून बघावं. दूध थांबत नाही. वस्त्यांवरून गोळा केलेलं दूध दोन तासांत शीतकेंद्रावर पोचलं तर दूध, नाहीतर आंबट पाणी. केंद्राचा नियम साधा होता. महिन्यात तीनदा दूध नासलं की फेरी दुसऱ्या गाडीला. पहिलं नासणं होऊन गेलं होतं. केंद्रावरच्या साहेबानं सगळे कॅन तिच्याच हातानं गटारात ओतायला लावले होते आणि रजिस्टरमध्ये तिची सही घेतली होती.

फेरी मूळची तिच्या सासऱ्यांची. आबांनी ती आधी सायकलवर केली, मग ही पिकअप घेतली तेव्हा ती जुनीच होती, आणि आता तर तिच्या कंपनीनंही ते मॉडेल कधी काढलं होतं हे विसरून टाकलं होतं. आबांच्या डोळ्यांत सारा आला, नीट दिसेनासं झालं, तेव्हा एकदा त्यांनी कुंपणात गाडी घातली. दुसऱ्या दिवशी सुनेनं न विचारता ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि आत बसली. आबा मुकाट्यानं दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. त्याला अकरा वर्षं झाली. तिचा नवरा दूर शहरात वॉचमन होता, वर्षातून दोनदा पाहुण्यासारखा यायचा आणि गाडीचा आवाज ऐकून "मस्त चाललीय की" म्हणून परत जायचा.

आबांकडं आता एकच काम उरलं होतं. पहाटे ड्रममधलं डिझेल डब्यानं मोजून गाडीच्या टाकीत भरायचं. डोळ्यांना दिसत नसलं तरी टाकी किती भरली ते त्यांना आवाजावरून कळायचं, आणि या गोष्टीचा त्यांना थोडा तोराही होता.

पहिल्या नासण्यानंतर मेस्त्री आला. सायकलवरून उतरायच्या आधीच त्यानं निदान केलं.

"फिल्टर चोंदला असणार."

"मागच्या महिन्यात बदललाय," ती म्हणाली.

"मग पुन्हा चोंदला. वहिनी, फिल्टर काय तुमच्या साडीसारखा आहे का, एकदा घेतला की दहा वर्षं?"

त्यानं फिल्टर बदलला. डिझेलची नळी सोडून तिच्यात तोंडानं जोरात हवा मारली, तेव्हा टाकीत बुडबुड असा आवाज झाला. नळी जोडली, पंपाचा स्क्रू सैल करून हवा काढली, चावी मारली. त्यानंतरचे दोन दिवस गाडी चढावर अशी गेली की गाडीवालीला गाणं म्हणावंसं वाटलं. तिनं मेस्त्रीच्या घरी लिटरभर दूध पोचवलं.

तिसऱ्या दिवशी त्याच वळणावर, तेच खोकणं.

"टाकीत काही असेल का?" तिनं मेस्त्रीला विचारलं. तो बॉनेटमध्ये कमरेपर्यंत गेला होता, तिथूनच हसला.

"टाकीत काय असणार? डिझेल असणार."

"नाही, पण हवा मारली तेव्हा दोन दिवस—"

"ते फिल्टरमुळं. आता ऐका माझं. थोडा वेळ चालते आणि गरम झाली की बसते. म्हणजे पंप. मेन पंप झिजलाय. गार झाला की पुन्हा दाब धरतो." त्यानं डोकं बाहेर काढलं आणि हाताच्या पंजानं कपाळावर काळा पट्टा ओढला. "आबा, तुम्ही सांगा. किती वर्षं झाली पंपाला?"

आबा ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "बरीच झाली."

"बघा," मेस्त्री म्हणाला.

आपण चालवतो ती गाडी आपल्याला कळते, हे गाडीवालीला ठाऊक होतं. पण मेस्त्रीचं बोलणं इतकं ठाम होतं, आणि साहेबाच्या रजिस्टरातली सही इतकी ताजी होती, की तिनं होकाराची मान हलवली. त्या मान हलवण्याचा पुढं तिला फार राग आला. मेस्त्रीचा आला त्यापेक्षा जास्त.

पंप काढायला दुपार गेली. चार नटांपैकी एक गंजून बसला होता. मेस्त्रीनं पान्याला पाइप लावून तिला पाइपावर उभं केलं. तिचं वजन कमी पडलं तेव्हा आबांना बोलावलं. सून आणि सासरा एकमेकांचे खांदे धरून त्या पाइपावर उभे राहिले, आणि नट सुटला तसे दोघंही धपकन खाली बसले. त्या महिन्यात ते दोघं एकत्र हसले ते तेवढंच.

शहरातला पंपवाला, म्हणजे डिझेलचे पंप दुरुस्त करणारा, काचेच्या खोलीत बसायचा. त्याच्याकडं सगळं स्वच्छ होतं, टेबलावर पांढरा कपडा होता. तिनं गोणपाटात गुंडाळलेला पंप मांडीवरून टेबलाकडं नेला तेव्हा तो म्हणाला, "खाली ठेवा, खाली." मग उकिडवं बसून त्यानं पंपावरचा नंबर अंगठ्यानं पुसून वाचला.

"याचं सामान येत नाही."

"एकदा उघडून तरी बघा."

"बाई, उघडला तर पिशवीत घालून न्यावा लागेल. आतली रबरं हात लावला की तुटतात, आणि ती रबरं आता बनत नाहीत. अशाला अशीच दुसरी गाडी शोधायची. भंगारात बघा."

भंगारवाल्यांची वस्ती शहराच्या मागच्या अंगाला होती. एका रांगेत वीस-पंचवीस पत्र्याच्या शेड, प्रत्येकीसमोर गाड्यांचे सांगाडे एकावर एक. एकाकडं नुसते दरवाजे, एकाकडं नुसते गिअरबॉक्स. उन्हात लोखंड इतकं तापलं होतं की हात लावायला चिंधी लागत होती. मेस्त्री आणि ती शेडमागून शेड फिरले. नंबर सांगितला की माणसं आधी हसायची. एक म्हणाला, "ती गाडी अजून चालते? बघायला येतो एकदा." दुसऱ्यानं पंप दाखवला तो ट्रॅक्टरचा निघाला. तिसऱ्याकडं नुसतं पंपाचं झाकण होतं, त्यात त्याची पोरं गोट्या ठेवत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटच्या शेडमध्ये तो मिळाला. तंतोतंत तसाच नाही, दोन वर्षं नंतरच्या गाडीचा. मेस्त्रीनं नटांची भोकं बोटानं जुळवून बघितली आणि म्हणाला, "बसेल. थोडी पट्टी कापावी लागेल, पण बसेल."

भंगारवाला स्टुलावर बसून पाय हलवत होता. "आमच्याकडं जुना द्या तर जुना मिळेल, ताई. पैसे वेगळे, पण माल रिकाम्या हाती सोडत नाही. इथली सगळ्यांची हीच रीत आहे."

तिनं गोणपाट सोडलं. पंप त्याच्या हातात देताना तिला उगाच वाटलं की याला पुसून तरी आणायला हवं होतं. भंगारवाल्यानं तो कानाजवळ नेऊन दांडा फिरवला, काही न बोलता मागच्या फळीवर ठेवला.

हे दोन दिवस शेजारच्या ट्रॅक्टरनं दूध नेलं होतं. ट्रॅक्टरवाला भला माणूस होता, पण त्याला वस्त्यांची घरं सापडेनात. पहिल्या दिवशी कसंबसं जमलं. दुसऱ्या दिवशी तो उलट्या बाजूनं फिरला, आणि तिसऱ्या वस्तीवरच्या म्हाताऱ्यानं त्याला आग्रहानं चहाला बसवलं. दूध नासलं. तिची दुसरी सही झाली.

नवा, म्हणजे दुसऱ्याचा जुना, पंप बसवायला एक पूर्ण दिवस लागला. त्या दिवशीही ट्रॅक्टरच गेला, आणि या खेपेला वेळेत पोचला. गाडी चालू झाली ती काळा धूर ओकत. ओट्यावर आबा खोकू लागले. मेस्त्री म्हणाला, "बसेल हळूहळू, नवीन जागा आहे त्याला." ती रिकामी गाडी घेऊन चढाकडं निघाली. रिकाम्या गाडीलाही दम नव्हता, दुसऱ्या गिअरमध्ये रडत रडत चढत होती. आणि वळणावर आली तशी खोकली, आवाज खाली बसला, बंद.

तेच वळण, तेच खोकणं. ती खाली उतरली नाही. स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसून राहिली, आणि तिथं बसल्या बसल्या तिला सगळं स्वच्छ कळलं. पंप बदलला तरी आजार तोच आहे. म्हणजे आजार पंपाचा नव्हताच.

घरी येऊन तिनं मेस्त्रीला बोलावलं नाही. पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा घेतला, तो डिझेलनं भरला आणि सीटच्या मागं खिळ्याला टांगला. फवारणीच्या पंपाची नळी कापून एक टोक डब्यात सोडलं, दुसरं थेट फिल्टरला जोडलं. टाकीची नळी सोडून तिच्या तोंडाला बोळा लावला.

आबा आवाजानं अंदाज घेत जवळ आले. "काय करतेस?"

"टाकी बाजूला ठेवून चालवून बघते."

"उगीच कशाला. मेस्त्रीला कळत नाही ते तुला कळणार आहे का?"

आबा असं कधी बोलत नसत. तिनं मान वर करून बघितलं, पण ते तोपर्यंत वळून चालू लागले होते.

धूर काढत, कण्हत, पण न थांबता गाडी चढ चढली. ती वरून वळवून आणली आणि पुन्हा चढवली. तीनदा चढवली. एकदाही बंद पडली नाही.

टाकी तिनं एकटीनं उतरवली. गाडीखाली उताणी झोपून पट्ट्यांचे नट सोडताना गंज डोळ्यांत पडत होता, आणि शेवटी टाकी छातीवर आली तेव्हा डिझेल तिच्या केसांत गेलं. टाकी अंगणात ओढून तिनं ती परातीत उपडी केली. डिझेल आलं. मग आणखी आलं. मग काहीच नाही. तिनं टाकी हलवली तेव्हा आत ओलं काहीतरी पत्र्याला चापट मारल्यासारखं आपटलं. तारेचा आकडा करून तिनं तोंडातून आत घातला आणि पाच-सात वेळा चुकल्यावर ते बाहेर ओढलं.

कापड होतं. रुमालाएवढं, काळं, बुळबुळीत. तिनं पिळलं आणि कडेची शिवण बोटांना लागली. ती शिवण तिच्याच हातची होती. दूध गाळायची कापडं तीच शिवायची.

गोष्ट इतकीच होती. या घरात न गाळता काही ओतायची सवय कुणालाच नव्हती. दूध गाळायचं, पाणी गाळायचं, आणि ड्रम गंजका म्हणून आबा डिझेलही गाळायचे, टाकीच्या तोंडाला दुधाचंच कापड दोरीनं बांधून. एका पहाटे दोरी सुटली. कापड आत गेलं. गाडीनं जोर लावला की ते नळीच्या तोंडाला चिकटायचं, गाडी बंद पडली की गळून खाली पडायचं. मेस्त्रीनं हवा मारली तेव्हा ते कोपऱ्यात गेलं आणि दोन दिवस तिथं राहिलं.

आबा ओट्यावरून बघत होते, म्हणजे त्या दिशेला तोंड करून बसले होते.

"सापडलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"कापड पडल्याचं माहीत होतं. त्यानं असं होईल हे माहीत नव्हतं. कापडच ते, म्हटलं, कापड काय करणार."

"मेस्त्री पंप काढत होता तेव्हा तुम्ही त्या पाइपावर माझ्याबरोबर उभे होता, आबा!"

"तेव्हा सांगायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण तू डिझेल भरायचं कामही काढून घेतलं असतंस."

तिला इतका राग आला की ते ओलं कापड त्यांच्या तोंडावर फेकावंसं वाटलं. फेकलं नाही, कारण ते म्हणत होते ते खरं होतं. तिनं काम काढून घेतलंच असतं, दुसऱ्याच दिवशी, आणि वरून समजुतीनं बोलली असती.

"हो, घेतलं असतं," ती म्हणाली. आणि टाकी धुवायला घेतली.

स्वच्छ टाकी बसवली तरी आता गाडीला दम नव्हता, कारण तिच्या पोटात दुसऱ्या गाडीचा थकलेला पंप होता. दुसऱ्या दिवशी दूध पोचवून ती तशीच शहरात गेली, केसांना अजून डिझेलचा वास होता. भंगारवाला त्याच स्टुलावर होता.

"माझा पंप परत द्या. हा घ्या, आणि वर काय लागेल ते घ्या."

"तो? तो त्याच दिवशी गेला, ताई." त्यानं पाय हलवणं थांबवलं. "काय दाब होता त्याला! मी तेव्हाच म्हटलं, ही बाई असला पंप का सोडून चाललीय. पण गिऱ्हाइकाला आपण कसं विचारणार?"

"विचारायचं होतं," ती म्हणाली.

"आता काय सांगू," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. पंप एका वीटभट्टीवाल्यानं नेला होता. पत्ता त्यानं स्वतःहून दिला.

भट्टीवर मातीला पाणी उपसणारं इंजिन शेडमध्ये चालू होतं. आवाज तिला लांबूनच ओळखू आला. एकसारखा, भरल्या अंगाचा, कुठंही न अडखळणारा. भट्टीवाल्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं, अगदी कापडापर्यंत. मग म्हणाला, "बाई, तुमची अडचण कळते. पण माझी माणसं चिखलात उभी आहेत. चालू इंजिन बंद करून देऊ का तुम्हाला?"

आपण त्याच्या जागी असतो तर दिला असता का, याचा तिनं विचार केला. दिला नसता. ती थोडा वेळ तिथं उभी राहून पंपाचा आवाज ऐकत राहिली आणि निघाली.

पुढचे पाच दिवस ती एक तास आधी निघायला लागली. अर्धेच कॅन घ्यायचे, चढावरून पलीकडं झाडाखाली उतरवायचे, ओली पोती टाकायची, परत येऊन उरलेले न्यायचे. कॅन चढवून-उतरवून तिच्या मनगटांवर सूज आली, रात्रीची भाकरी थापताना बोटं मिटेनात. आबा न सांगता झाडाखाली कॅनांपाशी बसू लागले. दर थोड्या वेळानं उठून चाचपडत पोती ओली करायचे. डिझेल आता तीच भरत होती.

सहाव्या दिवशी ऊन असं पडलं की पोती टाकल्या टाकल्या वाळली. साहेबानं परीक्षानळी वर धरली, खाली ठेवली आणि रजिस्टर तिच्याकडं सरकवलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं इतकंच म्हटलं, "वहिनी, पुढच्या आठवड्यापासून दुसरी गाडी येईल. पहिले काही दिवस तुम्ही त्या ड्रायव्हरबरोबर जाल का? घरं दाखवायला. ट्रॅक्टरवाल्याचं काय झालं ते बघितलंच आपण."

"जाईन," ती म्हणाली. आपण नकार का दिला नाही, ते तिलाही कळलं नाही.

नव्या गाडीचा ड्रायव्हर पंचविशीचा होता आणि अदबीनं वागत होता. त्यानं तिच्यासाठी दार उघडलं. सीटवर अजून प्लास्टिक होतं, घामानं पाठीला चिकटत होतं. तिनं एकेक घर दाखवायला सुरुवात केली. इथं हॉर्न वाजवायचा नाही, पोर आजारी असतं. इथं कॅन गोठ्यामागं असतो, दार लोटून आपणच घ्यायचा. ही बाई झाकण घट्ट लावत नाही, बघून घ्या. हा माणूस पाणी घालतो, पण थोडंच. ड्रायव्हर सगळं मोबाइलमध्ये टिपत होता. प्रत्येक दारात माणसं तिला चुकीच्या बाजूला बसलेली बघून क्षणभर गोंधळत, आणि मग नको तितक्या मोठ्यानं विचारत, "काय वहिनी, आज आराम वाटतं?"

"हो, आज आराम," ती म्हणायची.

चढ त्यानं तिसऱ्या गिअरमध्ये चढवला. वळणावर बोलत होता, त्याचं बोलणंही थांबलं नाही.

एक घर तिनं मुद्दाम सांगितलं नव्हतं. चौथ्या वस्तीच्या मागं, ओढ्याकाठी एक लंगडी म्हातारी राहायची. तिची एकच गाय, दूध जेमतेम, म्हणून ती एकाआड एक दिवस अर्धा कॅन द्यायची. आज तिचा दिवस नव्हता. उद्या होता. उद्या ते घर दाखवायचं, परवा त्या घराची वेळ समजावून सांगायची, असे तिनं मनात तीन-चार दिवस तरी जुळवले होते. तीन-चार दिवसांत काय होणार होतं ते तिला सांगता आलं नसतं. पण ते हातात होते.

केंद्रावर दूध वेळेआधी पोचलं. परतताना ड्रायव्हरनं तिला दारापर्यंत आणून सोडलं. अंगणात आबा गाडीच्या आवाजानं उठून उभे राहिले आणि आवाज आपला नाही हे कळून पुन्हा बसले.

"फार उपकार झाले, वहिनी," ड्रायव्हर म्हणाला. "सगळं टिपून घेतलंय. उद्या तुम्ही नाही आलात तरी चालेल."

"बरं," ती म्हणाली आणि उतरली. दार लावलं. गाडी मागं घ्यायला त्यानं आरसा नीट केला. ओढ्याकाठची म्हातारी उद्या पहाटे काठी टेकत अर्धा कॅन घेऊन वाटेवर येईल, आणि ऊन चढेपर्यंत गाडीची वाट बघत बसेल.

तिनं काचेवर बोट वाजवलं. त्यानं काच खाली केली.

"तो लिहायचा मोबाइल काढा," ती म्हणाली. "एक घर राहिलंय."